डेव्हकिट, टेस्टकिट आणि प्रोटोटाइप: गोव्यात शोधताना, घेताना, विकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या कन्सोलची दुरुस्ती करतो म्हटल्यावर लोक फोटो पाठवतात आणि दोनच गोष्टी विचारतात: हे काय आहे आणि याचे किती येतील? तेच तेच प्रश्न येत राहिल्यामुळे उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. फोटो पाठवण्याआधी प्रश्न ५ वाचा. निम्म्या शंका तिथेच मिटतील.

१. डेव्हकिट म्हणजे नेमकं काय? दुकानातल्या कन्सोलपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

गेम बनवणाऱ्या स्टुडिओला कन्सोल कंपनी जे खास यंत्र देते, ते डेव्हकिट. ते कम्प्युटरला जोडता येतं, गेम मध्येच थांबवून आतलं बघता येतं आणि बहुतेक वेळा त्यात मेमरी जास्त असते. प्लेस्टेशन २ मध्ये मुख्य मेमरी ३२ एमबी होती. तिच्या ‘टूल’ नावाच्या डेव्हकिटमध्ये १२८. टेस्टकिट किंवा डिबग युनिट हा धाकटा प्रकार. दिसायला साधारण कन्सोलसारखंच, पण घरी बर्न केलेली डिस्क चालवतं. चाचणी करणाऱ्यांना आणि परीक्षण लिहिणाऱ्या पत्रकारांना ही युनिटं दिली जायची. तिसरा प्रकार प्रोटोटाइपचा, म्हणजे अर्धवट गेम असलेली कार्ट्रिज, डिस्क किंवा हार्डडिस्क.

संख्येने टेस्टकिट जास्त असतात, म्हणून ते स्वस्त. हौशी लोकांसाठी विकलेल्या किट्सबद्दल प्रश्न ३ पाहा.

२. गोव्यात असल्या वस्तू येणार कुठून? इथे कुठे होत्या गेम कंपन्या?

गोव्यात नव्हत्या, देशात होत्या. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हा प्लेस्टेशन २ चा गेम केला, त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्राचा ‘देसी अड्डा’ आला. अशा कामाला किट लागतंच. पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादच्या स्टुडिओंत काम केलेली बरीच मंडळी आता पर्वरी, म्हापसा, असगाव भागांत राहायला आली आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची खोकीही आली आहेत. दुसरी वाट जुनी: बोटीवरचे आणि आखातातले लोक. योकोहामा, सिंगापूर, दुबईच्या सेकंडहँड दुकानातून पोरांसाठी ‘व्हिडिओ गेम’ घेतला, पण तो नेमका कुठला हे घरात कुणालाच ठाऊक नाही. तिसरी वाट हरमल, मांद्रे, हणजूणला सहा-सहा महिने राहणाऱ्या परदेशी प्रोग्रॅमरांची. परत जाताना ते भाड्याच्या घरात सामान सोडून जातात.

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात हे सापडेल अशी आशा धरू नका. तो बाजार पर्यटकांचा, तिथे कपडे आणि माळा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात निदान चार्जर आणि केबली मिळतात. माझा भरवसा तीन ठिकाणांवर: टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारी जुनी दुकानं, औद्योगिक वसाहतींजवळचे भंगारवाले आणि विक्रीला निघालेली घरं. भंगारवाल्याला ‘जुनं गेम काही आलं तर सांग’ एवढंच सांगून भागत नाही. लेबलाचा मोठा छापील फोटो देऊन ठेवा आणि किलोच्या भावापेक्षा कितीतरी जास्त देईन हे आधीच बोला. पहिल्या वेळी शब्द पाळलात की पुढच्या वेळी फोन तोच करतो.

३. मी नवखा आहे. पहिली वस्तू कोणती घेऊ?

जी मुळातच ग्राहकांना विकली गेली, ती. मालकीचा घोळ नाही (प्रश्न ११), माहिती भरपूर आणि पुढे विकायलाही सोपी.

सोनीची नेट यारोझे सगळ्यांत उत्तम. हा काळा प्लेस्टेशन १९९६ मध्ये जपानात आणि पुढच्या वर्षी अमेरिका-युरोपात हौशी प्रोग्रॅमरांना थेट विकला गेला. अमेरिकेत किंमत साधारण ७५० डॉलर होती. जपानी युनिट डीटीएल-एच३०००, अमेरिकी ३००१, युरोपी ३००२. नुसता काळा डबा आणि पूर्ण संच यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. कंट्रोलर, सिरियल केबल, डिस्क, पुस्तकं आणि मेमरी कार्डासारखं दिसणारं ‘ॲक्सेस कार्ड’ हे सगळं बघून घ्या. ते कार्ड आणि बूट डिस्क नसेल तर प्रोग्रॅमिंगच होत नाही, उरतो फक्त कुठल्याही देशाची डिस्क चालवणारा काळा प्लेस्टेशन.

प्लेस्टेशन २ चं लिनक्स किट (हार्डडिस्क, कीबोर्ड, माउससह) आणि वंडरस्वान या हातात धरायच्या कन्सोलसाठी क्यूट कंपनीने २००० मध्ये आणलेलं वंडरविच हेही याच वर्गातले.

४. आमच्या मामांनी बोटीवरून पांढरा प्लेस्टेशन आणला होता. सगळे करडे असतात, मग हा डेव्हकिट का?

नाही. एससीपीएच-५९०३ हे मॉडेल आशियातल्या बाजारासाठी पांढऱ्या रंगात निघालं होतं आणि ते व्हिडिओ सीडी चालवायचं. बोटीवरच्या लोकांनी ते घेणं अगदी साहजिक, कारण त्या काळी इकडे घरोघरी व्हीसीडीच होती. डेव्हकिट नसला तरी संग्राहक त्याला विचारतात, तेव्हा भंगारात देऊ नका. जुने डिबग प्लेस्टेशन निळे असतात, नंतरचे हिरवे.

५. मागच्या लेबलवरून कसं ओळखायचं?

सोनीचं सोपं आहे. पहिल्या दोन प्लेस्टेशनची दुकानी मॉडेलं ‘एससीपीएच’ने सुरू होतात, विकासाची यंत्रं ‘डीटीएल’ने. प्लेस्टेशन ३ दुकानी असेल तर ‘सीईसीएच’, डिबग असेल तर ‘डीईसीएच’ आणि मोठं डेव्हकिट ‘डीईसीआर’. पीएसपीचं किट ‘डीटीपी’, व्हिटाचं ‘पीडीईएल’ किंवा ‘पीटीईएल’. प्लेस्टेशन ४ ला ‘सीयूएच’च्या जागी ‘डीयूएच’, ५ ला ‘सीएफआय’च्या जागी ‘डीएफआय’. निन्टेन्डो वी दुकानी ‘आरव्हीएल’, विकासाची ‘आरव्हीटी’. वी यूच्या किटवर ‘कॅट’ दिसतं. डीएसच्या काळातल्या बऱ्याच साधनांवर इंटेलिजंट सिस्टिम्सचं ‘आयएस’ असतं.

दोन ठिकाणी लोक फसतात. ड्रीमकास्टच्या डेव्हबॉक्सवर ‘एचकेटी-०१२०’सारखा आकडा असतो, पण दुकानातला साधा ड्रीमकास्टही ‘एचकेटी-३०००’ आहे. तेव्हा अक्षरं बघून उडी मारू नका, आकडा वाचा. दुसरं म्हणजे ‘डीटीएल’ अक्षरं सुट्या भागांवरही असतात. वर सांगितलेलं ॲक्सेस कार्डसुद्धा डीटीएल-एच३०२० आहे. कुणी ‘डीटीएल मिळाला’ म्हणाला तर आधी काय मिळालं ते विचारा.

६. लेबल बरोबर आहे, पण वस्तू खरी आहे का?

लेबल छापता येतं, कवच रंगवता येतं. म्हणून वागणूक तपासा. खरं प्लेस्टेशन डिबग युनिट बर्न केलेली सीडी मॉडचिपशिवाय (म्हणजे कुलूप चुकवायला नंतर बसवलेल्या चिपशिवाय) चालवतं. उघडल्यावर आत जादा तारा आणि चिप दिसली तर तो दुकानी कन्सोल आहे, मग कवच कितीही निळं असो. नेट यारोझेचं उलटं: तो बर्न केलेली डिस्क चालवतच नाही. विक्रेता कौतुकाने सीडी-आर चालवून दाखवायला लागला तर समजा, कुणीतरी करडा प्लेस्टेशन काळा रंगवला आहे.

पहिल्या एक्सबॉक्सचं अवघड आहे. डिबग किटमध्ये ६४ ऐवजी १२८ एमबी मेमरी असते, म्हणून ‘१२८ दाखवतोय, म्हणजे खरा’ असं लोक म्हणतात. पण दुकानी बोर्डावरही जादा मेमरी चिपांच्या जागा रिकाम्या सोडलेल्या होत्या आणि हौशी लोक तिथे चिपा बसवतात. भिंगाने चारही बाजूंचं सोल्डर बघा. कारखान्यातलं सगळीकडे एकसारखं असतं.

प्लेस्टेशन ३ मध्ये ‘डिबग सेटिंग्ज’ दिसणं हाही पुरावा नाही, कारण दुकानी कन्सोल सॉफ्टवेअरने डिबगमध्ये बदलता येतो. एक्सबॉक्स ३६० ला आरजीएच (कन्सोलचं कुलूप तोडण्याची एक युक्ती) करून त्यावर डेव्हकिटचं सॉफ्टवेअर चढवतात आणि तोच ‘डेव्हकिट’ म्हणून खपवतात. या दोन कन्सोलांच्या बाबतीत बोर्ड, लेबल आणि अनुक्रमांक तिन्ही जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

७. मिळाल्यावर चालू करून बघू का?

नको. पावसाळे काढलेलं यंत्र थेट प्लगला लावणं हा ते मारण्याचा सगळ्यांत छोटा मार्ग आहे, आणि हे उत्तर मी फोनवर सगळ्यांत जास्त वेळा देतो.

आधी व्होल्टेज बघा. जपानी किट १०० व्होल्टचं, अमेरिकी १२० चं, आपल्या भिंतीत २३०. प्लग बसतो म्हणून चालतं असं नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची क्षमता यंत्राच्या वॅटपेक्षा ऐसपैस हवी.

मग उघडा. समुद्राजवळच्या घरात खारी हवा पत्रा आणि कनेक्टर खाते. डिचोली, सांगे, कुडचडे भागांतल्या यंत्रांत खाणीची तांबडी धूळ फॅनमध्ये थर करून बसलेली असते. दमट हवेत ती चिखलासारखी चिकटते. माळ्यावर ठेवलेल्या डब्यात मुंग्यांचं वारूळ आणि पालीची अंडी हे तर नेहमीचंच. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, पाणी लावू नका.

पहिल्या एक्सबॉक्सच्या शेवटच्या आवृत्तीआधीच्या सगळ्या बोर्डांवर घड्याळासाठी एक मोठा कॅपॅसिटर आहे. तो कालांतराने गळतो आणि आजूबाजूचे ट्रेस, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, खातो. घड्याळ सोडलं तर त्याच्याविना काही अडत नाही, म्हणून आधी तो काढा आणि जागा साफ करा. इतर यंत्रांतही बॅटरी आणि कॅपॅसिटरच्या बुडाशी हिरवट किंवा तपकिरी डाग शोधा.

हार्डडिस्क असेल तर ती सोडवून बाजूला ठेवा. यंत्र चालू झालं की डिस्कवर काहीतरी लिहिलं जातंच, आणि जुनी डिस्क कदाचित एकदाच फिरेल. ती एक फेरी नक्कल करण्यात गेली पाहिजे (प्रश्न ८). हे सगळं झाल्यावर, वीज जात-येत नसेल अशा दिवशी, चालू करा. जूनमधली गडगडाटी संध्याकाळ हा त्याचा मुहूर्त नव्हे.

८. आतल्या हार्डडिस्कवर किंवा कार्ट्रिजमध्ये जुना गेम आहे असं वाटतं. त्याने किंमत वाढते?

वाढते, आणि कधी कधी यंत्रापेक्षा आतला मजकूरच महाग असतो. न आलेला गेम, वेगळी पातळी असलेली आवृत्ती, स्टुडिओची टिपणं यांच्यासाठी लोक थांबतात. म्हणून फॉरमॅट करू नका आणि ‘जरा साफ करून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराच्या हाती डिस्क देऊ नका. राइट-ब्लॉकर (डिस्कवर काही लिहू न देणारं साधन) लावून ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रॅमने डिस्कची पूर्ण नक्कल घ्या. तो फुकट आहे आणि खराब जागा वगळून पुढे सरकतो.

कार्ट्रिजमध्ये ईप्रॉम चिपा असतील तर वर छोटी काचेची खिडकी असते, तिच्यावरचं स्टिकर कधीही काढू नका. त्या खिडकीतून अतिनील किरण गेले की चिप पुसली जाते. थेट उन्हात आठवडाभरात काम तमाम. मे महिन्यात घरातलं सगळं अंगणात उन्हाला घालायची आपली सवय आहे, त्यात हे बोर्ड जाऊ देऊ नका.

एक सांगून ठेवतो: प्रत तुमच्याकडे असली तरी गेमचा आणि विकास-सॉफ्टवेअरचा कॉपीराइट तुमचा होत नाही. आणि डिस्कवर कुणाचे ईमेल, पगाराचे कागद दिसले तर ते विकायच्या मालात येत नाहीत.

९. किंमत ठरवायची कशी? ईबेवर एकाने पाच लाखांना लावलाय.

त्याने लावलाय, कुणी घेतलेला नाही. मागितलेली किंमत विसरा. ईबेवर ‘विकले गेलेले’ हा गाळणी-पर्याय लावा, तेच मॉडेल शोधा, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा आकडा सोडा आणि राहिलेल्यांत चालू-बंद, पूर्ण-अपूर्ण असे दोन ढीग करा. तुमची वस्तू ज्या ढिगातली, तीच तुमची सुरुवात. मी इथे रुपयांत तक्ता देत नाही, कारण असल्या वस्तूंचे वर्षाला थोडेच सौदे होतात आणि एका सौद्याने भाव हलतो.

मग वजाबाकी. तो आकडा परदेशातल्या गिऱ्हाइकाचा आहे. तुम्हाला तिथवर पोचायला पॅकिंग, विमा, साइटचं कमिशन, चलनाचा फरक आणि वस्तू परत येण्याचा धोका सोसावा लागतो. मडगावात हातोहात विकणाऱ्याला तोच भाव मिळत नाही आणि मागूही नये.

लिलावाच्या बातम्या वाचताना एक खाच लक्षात ठेवा. मार्च २०२० मध्ये हेरिटेज ऑक्शन्सने निन्टेन्डो-सोनीच्या जोडकन्सोलाचा प्रोटोटाइप विकला. छापून आलेला आकडा ३,६०,००० डॉलर, पण प्रत्यक्ष बोली ३,००,००० वर थांबली होती. वरचे ६०,००० म्हणजे लिलावगृहाचं प्रीमियम. शिवाय ती वस्तू एकमेव मानली जात होती. तुमचा टेस्टकिट त्या रांगेत बसत नाही.

मी स्वतः किंमत लावताना क्रम असा धरतो: आतला मजकूर, संच पूर्ण आहे का, कुणाकडून आली याचा कागद, चालते का, आणि सगळ्यांत शेवटी दिसते कशी. बहुतेक विक्रेते नेमकं उलटं धरतात. कवच पॉलिश करतात आणि केबल हरवतात.

१०. दुरुस्ती केली तर किंमत उतरते का?

कॅपॅसिटर बदलला, तर नाही. उलट जुना भाग पिशवीत घालून सोबत द्या. कवच रंगवलं, स्टुडिओची मालमत्ता-चिठ्ठी खरवडली किंवा पिवळं पडलेलं प्लॅस्टिक रसायनाने पांढरं केलं, तर उतरते. त्या चिठ्ठ्या कुरूप दिसतात, पण पुरावा त्याच असतात.

११. हे विकत घेणं कायदेशीर आहे का?

प्रश्न ३ मधल्या वस्तू बिनधास्त घ्या. बाकी बहुतेक किट्स स्टुडिओला करारावर, परत करायच्या अटीवर दिलेली असतात. भाडेकरूने घर विकावं तसा हा व्यवहार: हातात किल्ली आहे म्हणून घर त्याचं होत नाही. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ ची डेव्हकिट ईबेवर आली आणि लगेच उतरवली गेली, ती बहुधा याच कारणाने.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टुडिओच्या किटमागे सहसा कुणी येत नाही. तरीही चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, मग यंत्र कितीही जुनं असो. संशय आला तर सोडून द्या. दुसरी वस्तू येते.

१२. स्वस्त आहे म्हणून व्हिटा, प्लेस्टेशन ४ किंवा स्विचचं किट घेऊ?

नाही. व्हिटा आणि प्लेस्टेशन ४ च्या किट्सना मुदतीचं सक्रियकरण लागतं, आणि ते नूतनीकरण नोंदणीकृत स्टुडिओलाच मिळतं. मुदत संपली की हातात वजनदार डबा. स्विचच्या किटच्या बाबतीत कंपनीही जागी आहे.

१३. परदेशातून मागवलं तर?

भारताच्या परदेश व्यापार धोरणात वापरलेला माल मोकळेपणाने आयात होत नाही. भांडवली वस्तू सोडून इतर सेकंडहँड माल परवान्याच्या वर्गात येतो. त्यामुळे पार्सल कस्टममध्ये अडकलं तर केवळ शुल्क भरून सुटेलच असं नाही. ‘गिफ्ट लिहून पाठव’ ही युक्तीही जुनी झाली. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून भेटवस्तू म्हणून शुल्कमाफीने आयात बंद आहे. महाग वस्तू असेल तर आधी कस्टम एजंटाशी बोला. मला विचाराल तर देशातच शोधा.

१४. पावसाळ्यात ठेवायचं कसं?

हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक स्वस्त आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. कॅमेरेवाल्यांचं ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. बाल्कावाजवळच्या (घरापुढच्या उघड्या ओट्याजवळच्या) कपाटात मात्र ठेवू नका, आणि पुठ्ठ्याचं मूळ खोकं वेगळं ठेवा. बुरशी तिथून सुरू होते.

१५. भंगारात साधा कम्प्युटर आहे, विक्रेता त्यालाच डेव्हकिट म्हणतो. थाप मारतोय?

कदाचित नाही. निन्टेन्डो ६४ साठी सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडी कम्प्युटरमध्ये खास बोर्ड बसवत. प्लेस्टेशनचं डीटीएल-एच२००० म्हणजे पीसीत घालायची दोन आयएसए कार्डं. एक्सबॉक्स ३६० चे सुरुवातीचे किट तर ॲपलच्या पॉवर मॅक जी५ वर होते. पण नुसता जी५ हा नुसता जी५ असतो. किंमत बोर्डाला आणि डिस्कवरच्या सॉफ्टवेअरला आहे. म्हणून भंगारवाल्याकडे जुन्या पीसीचं झाकण उघडून लांबलचक कार्ड दिसतंय का ते बघाच. बाहेरून कळत नाही म्हणूनच अशा वस्तू अजून किलोवर मिळतात.

१६. वडिलांच्या मित्राने दिलं होतं, बिल नाही, तो आता हयात नाही. पुढे विकताना काय दाखवू?

कागद आजही तयार करता येतो, फक्त तो खरा असला पाहिजे. वस्तू कुणी, साधारण केव्हा, कुठे दिली आणि तो माणूस कुठे काम करायचा हे घरातल्या ज्याला माहीत आहे त्याच्याकडून लिहून घ्या, खाली सही आणि तारीख. जुने फोटो, ओळखपत्राची प्रत, स्टुडिओचं पाकीट, काहीही असेल ते जोडा. अनुक्रमांक, लेबल आणि उघडलेल्या बोर्डाचे फोटो काढा, पण इंटरनेटवर टाकताना अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे झाका. ते उचलून दुसऱ्याच डब्यावर चिकटवणारे आहेत. मित्राच्या कुटुंबाला एकदा विचारा. त्यांना वस्तू परत हवी असेल तर हा प्रश्न विक्रीचा राहत नाही. नको असेल तर त्यांचं तसं दोन ओळींचं पत्र घ्या. गिऱ्हाईक कागद मागेल तेव्हा बिलाच्या जागी तेच दाखवा.